ब्रेक फेल झाले, म्हणजे नेमकं काय झालं?

घाटातल्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं. 'ब्रेक फेल झाल्याने ट्रकवरील नियंत्रण सुटले.' आपण ते वाचतो, मनातल्या मनात हळहळतो आणि बोट पुढे सरकवतो. कारण समजलं, विषय संपला असं वाटतं. वीज पडावी, दरड कोसळावी, तसे ब्रेक फेल होतात. त्यात कोण काय करणार?

मला या दोन शब्दांनी बरेच दिवस पछाडलं. त्याचं कारण पुण्यातला नवले पुलाचा उतार. मुंबई-बंगळुरू महामार्गावर नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता काही किलोमीटर सलग उतरत नवले पुलापर्यंत येतो. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री या उतारावर एका मालवाहू ट्रकमुळे एकामागून एक गाड्या आदळत गेल्या. बातम्यांमध्ये ४८ गाड्यांचा आकडा होता. पहिल्या बातम्यांत अर्थातच 'ब्रेक फेल' होतं. दोन-तीन दिवसांनी पोलिसांच्या हवाल्याने वेगळीच माहिती आली : ब्रेकमध्ये दोष सापडला नाही, चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच उतारावर एका कंटेनरने पुन्हा गाड्या चिरडल्या, आग लागली, माणसं गेली. आणि पुन्हा तेच दोन शब्द.

एका बाजूला चालक सांगतो की ब्रेक लागले नाहीत. दुसऱ्या बाजूला तपासणारे सांगतात की ब्रेक ठीक आहेत. मग खोटं कोण बोलतंय? हे शोधायला निघालो आणि दीडशे वर्षं मागे, रेल्वेच्या रुळांवर जाऊन पोहोचलो.

चाकाखालचे दगड

१२ जून १८८९. आयर्लंडमधलं आर्मा हे गाव. रविवारच्या धर्मशाळेतली मुलं आणि त्यांचे आईबाप समुद्रकिनाऱ्यावर सहलीला निघाले होते. पंधरा डब्यांची गाडी, नऊशेच्या वर माणसं. इंजिनाला तेवढं ओझं झेपणारं नव्हतं. दर ७५ फुटांना एक फूट असा चढ होता आणि माथा थोडासा राहिला असताना गाडी थांबली.

गाडीवरच्या माणसांनी ठरवलं की गाडीचे दोन भाग करायचे. पुढचे पाच डबे वर नेऊन ठेवायचे आणि मागच्या दहांसाठी परत यायचं. त्या गाडीचा ब्रेक निर्वात पद्धतीचा होता, पण साध्या प्रकारचा. इंजिन नळीतली हवा शोषून घ्यायचं आणि त्या ओढीने ब्रेक लागायचे. डबे सुटे केले की नळी तुटली. नळी तुटली की ब्रेक गेला. दहा डब्यांना धरून ठेवायला आता शेवटच्या डब्यातला एकच हातब्रेक होता. म्हणून चाकांखाली दगड लावले.

पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला. तेवढा धक्का पुरला. चाकं दगडांवरून गेली आणि डबे उताराला लागले. खालून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं मेली. त्यांत लहान मुलं पुष्कळ होती.

आपल्याकडे घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली क्लीनर धावत जाऊन दगड लावतो. ते दृश्य ज्याने पाहिलंय त्याला आर्मा समजावून सांगावं लागत नाही.

'ब्रेक कमजोर होता' एवढ्यावर त्या अपघाताची चौकशी थांबली नाही, म्हणून तो इतिहासात राहिला. चौकशीत विचारला गेलेला प्रश्न वेगळा होता : नळी तुटल्यावर ब्रेक सुटतो, असा ब्रेक मुळात चालू कसा दिला? सरकारी निरीक्षक स्वयंचलित ब्रेकची मागणी कैक वर्षं करत होते आणि रेल्वे कंपन्या खर्चाचं कारण देऊन टाळत होत्या. आर्मानंतर टाळायची सोय राहिली नाही. ३० ऑगस्ट १८८९ला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, ब्रिटिश संसदेचा कायदा झाला. प्रवासी गाडीला सगळ्या डब्यांना लागणारा आणि बिघडला तर आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला.

बिघडला तर लागला पाहिजे

असा ब्रेक तोवर शोधून झाला होता. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस या तरुणाने १८६९मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा तो जेमतेम २२ वर्षांचा होता. त्याआधी अमेरिकेत मालगाडी थांबवायची म्हणजे ब्रेकवाले डब्यांच्या टपांवरून धावत जायचे आणि एकेका डब्याचं चाक हाताने फिरवून ब्रेक आवळायचे. पाऊस असो, बर्फ असो. कित्येक जण पडून मेले.

वेस्टिंगहाऊसचा पहिला ब्रेक सरळ होता. इंजिनावर हवा दाबून टाकीत भरायची, चालकाने झडप उघडली की ती नळीतून डब्यांकडे जाणार आणि ब्रेक दाबणार. हवा पोहोचली की ब्रेक. म्हणजे हवा नाही तर ब्रेक नाही. आर्मासारखीच खोट यात होती.

काही वर्षांतच त्याने तो विचार उलटा केला. प्रत्येक डब्याखाली हवेची छोटी टाकी दिली. मुख्य नळीत हवेचा दाब कायम ठेवायचा. तो दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला राहणार. दाब कमी झाला की डब्याखालची झडप आपल्या टाकीतली हवा ब्रेककडे सोडणार. आता नळी फुटली, डबे तुटले, चालक बेशुद्ध पडला, काहीही झालं तरी दाब उतरणार आणि गाडी थांबणार. अमेरिकेनेही १८९३मध्ये कायदा करून रेल्वेला असे ब्रेक सक्तीचे केले.

आपण रेल्वेत 'धोक्याच्या वेळी साखळी ओढा' वाचत लहानाचे मोठे झालो. साखळी ब्रेक लावत नाही, ती फक्त एक भोक उघडते. नळीतला समतोल बिघडतो आणि ब्रेक आपला आपण लागतो. भारतीय रेल्वेने विसाव्या शतकाचा बराच काळ निर्वात ब्रेक वापरले आणि नंतर ती हवेच्या ब्रेककडे वळली. साखळीमागचं तत्त्व मात्र दोन्हींत तेच राहिलं.

बोर घाटातला संशय

याच तत्त्वाचं आपल्या घरचं उदाहरण कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये आहे. बोर घाटातली रेल्वे १८६३मध्ये सुरू झाली. चढ दर ३७ फुटांना एक फूट. आर्माच्या दुप्पट. ती बांधताना हजारो मजूर मेले. बांधणाऱ्या अभियंत्यांना पक्कं ठाऊक होतं की गाडी वर चढवण्यापेक्षा खाली उतरवणं अवघड आहे.

म्हणून घाटात कॅच सायडिंग आल्या. मुख्य रुळापासून फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारा रुळाचा तुकडा. वरून येणाऱ्या गाडीसाठी सांधा नेहमी या तुकड्याकडे वळवलेला असतो. खाली उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं. ती थांबली, म्हणजे तिचे ब्रेक चालतात. मगच सांधा मुख्य रुळाकडे फिरणार. न थांबता आली तर ती सायडिंगवर चढून डोंगरात अडकणार, खाली कर्जतवर जाऊन आदळणार नाही. पुण्याहून मुंबईला येताना गाडी मंकी हिलच्या आसपास स्टेशन नसताना का थांबते, असा प्रश्न ज्यांना पडलाय, त्यांच्यासाठी हे उत्तर.

यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. उताराला लागलेली प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असं रेल्वेने गृहीत धरलं. सुटलेली नाही, हे गाडीने सिद्ध करायचं.

त्याच डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यावर याच्या उलट गृहीत आहे. प्रत्येक ट्रक ताब्यात आहे असं आपण धरून चालतो. तो ताब्यात नव्हता हे कळतं तेव्हा खाली गाड्यांचा ढीग झालेला असतो. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणून त्याची आख्यायिका सांगतात. ट्रकवाले तिथे हात जोडतात, नाणं टाकतात. रस्त्याने त्यांच्यासाठी ब्रेक तपासायची दुसरी जागा ठेवलीच नव्हती, हे लक्षात घेतलं तर त्या नाण्याला हसावंसं वाटत नाही.

ट्रकमध्ये दोन्ही वेस्टिंगहाऊस

१९५४मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. नाकावर तीन टोकांचा तारा असलेले ते ट्रक अजून काही आजोबांच्या बोलण्यात 'मर्सिडीज' म्हणून येतात. करार १९६९मध्ये संपला, तारा गेला. इथल्या ब्रेकच्या धंद्यात १९६२ साल महत्त्वाचं. त्या वर्षी मद्रासकडे इंग्लंडमधल्या क्लेटन ड्युआंड्रेशी करार करून सुंदरम-क्लेटन आणि लुकासशी करार करून ब्रेक्स इंडिया अशा दोन कंपन्या उभ्या राहिल्या. हवेचे ब्रेक हा सुंदरम-क्लेटनचा विषय होता.

ट्रकचा हवेचा ब्रेक असा चालतो. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. पायाखालचं पेडल दाबलं की हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते. तिथला रबरी पडदा एका दांड्याला ढकलतो, दांडा स्लॅक ॲडजस्टर नावाच्या तरफेला ढकलतो, ती तरफ इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम फिरवते आणि कॅम दोन्ही शू फाकवून त्यांच्यावरचे लायनर ड्रमला आतून घासतो.

आता नीट पाहिलं तर पेडलचा हा ब्रेक १८६९चा आहे. हवा पोहोचली तर ब्रेक, नाहीतर नाही. पुढे त्याला जोड मिळाली स्प्रिंग ब्रेकची. यात एक दणकट स्प्रिंग ब्रेक लावायला कायम टपलेली असते आणि हवा तिला मागे दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाक जाम होतं. हा वेस्टिंगहाऊसचा दुसरा, उलटा विचार. एकाच ट्रकमध्ये दोन्ही नांदतात. पण रस्त्यावरच्या बऱ्याच जुन्या ट्रकना स्प्रिंग ब्रेक नव्हताच. त्यांची हवा उतरली की हाताने ओढायच्या ब्रेकवर भिस्त. चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आपल्याकडे नव्या अवजड गाड्यांना सरसकट सक्तीची झाली ती २०१५मध्ये. त्याआधीचे ट्रक आजही घाट उतरत असतात.

मिस्त्री विचारतो, 'कधी?'

इतकं वाचून झाल्यावर मी शिरवळजवळच्या एका गॅरेजमध्ये जाऊन बसलो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे येणारे ट्रक तिथे थांबतात. एक जुना सहाचाकी आला. चालकाची तक्रार : 'ब्रेक लागत नाही.'

मिस्त्री हातात पाना न घेता उभे राहिले. म्हणाले, "कधी लागत नाही? सकाळी पहिल्यांदा दाबल्यावर, का उतारावर?"

"उतारावर. शेवटी शेवटी. दाबतोय दाबतोय, पण गाडी ऐकत नाही."

"मोकळी असताना?"

"मोकळी मस्त थांबते."

"चहा पिऊन परत निघाल्यावर?"

"तेव्हापण चांगला लागतो."

"मग हवेचं काम नाही," मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले. गाडीला अजून हात लागला नव्हता.

मग ते चारही चाकांशी वाकले आणि ड्रमजवळ नुसता तळहात नेत गेले. हात लावायचा नाही, भाजतो. तीन चाकांशी हात पटकन मागे आला. मागच्या डाव्या चाकाशी आरामात टिकला. मला वाटलं तीन तापलेल्यांत बिघाड असणार. ते म्हणाले, "जे गार आहे ते कामचुकार आहे. बाकीचे तिघं त्याचं ओझं ओढतायत."

यानंतरचं काम रीतसर झालं. आधी चाकांना लाकडी ठोकळे लावले. इंजिन चालू करून टाकीत हवा भरली, मग बंद करून घड्याळाच्या काट्याकडे बघत बसले. काटा जागचा हलला नाही. पेडल दाबून धरायला लावलं, काटा थोडा उतरून स्थिर झाला. साबणाचं पाणी सांध्यांवर फासलं. एका सांध्याला बारीक बुडबुडे आले, तो आवळला. टाकीखालची झडप उघडली तर पाणी आलं, त्यात काळपट तेल. "कॉम्प्रेसर तेल फेकतोय. आज नाही, पण दोन-चार महिन्यांत हे झडपा खाणार." मग प्रत्येक चेंबरच्या दांड्यावर खडूने रेघ मारली, पेडल दाबायला लावलं आणि रेघ किती बाहेर येते ते मोजलं. गार चाकाचा दांडा बरोबर चालत होता. म्हणजे तिथे हवा पोहोचत होती, शू ड्रमला टेकतही होते. पण घर्षण नव्हतं. उरलेल्या तिघांचे दांडे मात्र गरजेपेक्षा लांब येत होते. जास्तीच्या कामाने त्यांचे लायनर झिजले होते.

डाव्या चाकाचा ड्रम उतरवला तेव्हा कोडं सुटलं. हबचं सील गळत होतं. ग्रीस लायनरवर पसरलं होतं आणि लायनर ओल्या पाटीसारखा चकाकत होता.

आता उलट दिशेने साखळी लावून बघा. सील गळलं. एका चाकाने काम सोडलं. बाकीची तीन चाकं जास्त तापली आणि झिजली. भरल्या गाडीने घाट उतरताना त्यांचंही बळ संपलं. त्या दिवशी पुढे बस असती तर बातमीत 'ब्रेक फेल' एवढंच आलं असतं. सील ही वस्तू फार किमतीची नाही. मी चालकाला विचारलं, आधी का नाही दाखवलं? तो म्हणाला, "गाडी उभी राहिली की खेप जाते. खेप गेली की माझे पैसे जातात." मालकाचा फोन आला तेव्हा बोलणं ऐकू येत होतं. त्याला एकाच चाकाचे लायनर बदलून हवे होते. मिस्त्री म्हणाले, "एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल." पाच मिनिटं घासाघीस झाली. शेवटी दोन्ही बदलायचं ठरलं.

दोन पिंपं उकळतं पाणी

गॅरेजमधल्या 'चहा पिऊन निघालो की ब्रेक लागतो' या वाक्यात माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर होतं.

ब्रेक गाडीची शक्ती गिळत नाही, तिची उष्णता करतो. २५ टनांचा भरलेला ट्रक खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतो तेव्हा साधारण ५०० मीटर खाली येतो. हवेचा आणि टायरचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर या उतरण्यात सुटणारी ऊर्जा जवळजवळ ४०० लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल. म्हणजे दोन मोठी पिंपं. इंजिनाने मदत केली नाही, तर ही सगळी उष्णता चाकांमधल्या लोखंडी ड्रमना काही मिनिटांत पचवावी लागते.

ड्रम तापला की फुगतो. ४०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास मोठा होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ड्रम फुगतो म्हणजे लायनरपासून लांब जातो, आणि त्याला गाठायला दांड्याला जास्त लांब यावं लागतं. स्लॅक आधीच ढिला असेल तर दांड्याचा प्रवास संपतो आणि शू ड्रमला नीट टेकतच नाही. शिवाय अति तापलेल्या लायनरचं घर्षणही कमी होतं. अशा वेळी स्प्रिंग ब्रेकही फारसा कामाला येत नाही, कारण तोही त्याच दांड्याने त्याच ड्रमला दाबणार. तेलावर चालणाऱ्या जुन्या ब्रेकमध्ये आणखी वेगळी गंमत. चाकाजवळचं तेल उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल फळीला टेकतं, ब्रेक लागत नाही.

आणि मग सगळं थंड होतं. ड्रम आकसतो. वाफेचं पुन्हा तेल होतं. दुसऱ्या दिवशी तपासनीस येऊन पेडल दाबतो, ब्रेक कडक लागतो. तो लिहितो, यांत्रिक दोष आढळला नाही. चालक म्हणतो, ब्रेक लागले नाहीत. दोघेही खरं बोलत असू शकतात. ब्रेक हा असा साक्षीदार आहे, जो थंड झाल्यावर जबानी फिरवतो. त्याच्याकडून सत्य काढायचं तर लायनरचा रंग, ड्रमवरचे निळसर डाग आणि बारीक तडे, दांड्याची मापं, गिअर कुठला होता, गाडीत माल किती होता, हे सगळं नोंदवावं लागतं.

कर्वेनगरातलं नाव

मग उपाय काय? ब्रेक कमी वापरणं. हे एका माणसाने १९३१च्या ऑगस्टमध्ये जिवावर बेतल्यावर शिकलं. त्याचं नाव क्लेसी कमिन्स. आपलं डिझेल इंजिन किती टिकाऊ आहे हे दाखवायला तो ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅलिफोर्नियातल्या कहोन घाटात ट्रक सुटला. ब्रेक धरेनात. खाली रुळांवरून मालगाडी चालली होती. तिचा शेवटचा डबा फाटकातून पुढे सरकला आणि त्याच्या मागून ट्रक निसटला.

त्या उताराने कमिन्सच्या डोक्यात भुंगा सोडला. एवढी ताकद देणारं इंजिन उतारावर एवढीच ताकद अडवायला का वापरू नये? निवृत्त झाल्यावर त्याने ते जमवलं. इंजिनात हवा दाबली जाते, आणि ऐन दाबाच्या टोकाला झडप उघडून ती सोडून दिली की दाबायला लागलेली ताकद वाया जाते. वाया जाते, हेच तर हवं. १९६१मध्ये जेकब्स कंपनीने हा इंजिन ब्रेक बाजारात आणला.

पुण्याच्या कोथरूडमधली किर्लोस्कर कमिन्स १९६२मध्ये स्थापन झाली. कर्वेनगरात मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज आहे. नवले पुलाचा उतार तिथून फार लांब नाही. उतारावर ट्रक सुटणं म्हणजे काय हे ज्याने भोगलं, त्याचं नाव त्या उताराच्या शेजारी रोज हजारो जण घेतात.

ज्या ट्रकना असा खास ब्रेक नाही त्यांनाही गिअर असतोच. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुना नियम प्रत्येक वस्ताद शिकवतो. खालच्या गिअरमधलं इंजिन गाडीला मागे ओढतं, ड्रमचं काम वाचतं. गाडी न्यूट्रल केली की ही ओढ गेली. इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसरही बंद. मग टाकीत आहे तेवढीच हवा, आणि प्रत्येक दाबाला ती कमी होणार. वाचलेलं डिझेल चालकाच्या पदरात पडत असेल किंवा मालक सरासरीचा हिशेब मागत असेल, तर हा धोका रोज पत्करला जातो आणि रोज निभावतोही. एक दिवस निभावत नाही.

धूळ

ब्रेकचे बळी फक्त रस्त्यावर पडले नाहीत. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं, की डोंगर उतरताना शेतकरी गाडीच्या ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं ठोकतात. १८९७मध्ये त्याने ब्रेकच्या लायनरचा धंदा सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं एक अक्षर घातलं आणि 'फेरोडो' नाव केलं. चामडं आणि कापूस जळत होते, म्हणून पुढे लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आला. तो जळत नाही, स्वस्त आहे, टिकतो. हिंदुस्तान फेरोडो नावाने मुंबईत घाटकोपरला कारखाना निघाला.

ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. दुखणं वीस-तीस-चाळीस वर्षांनी उभं राहतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामावर असेपर्यंत आणि नंतरही बरीच वर्षं ठेवायला सांगितलं. पण तो निकाल कारखान्यातल्या कामगारांपर्यंत पोहोचतो. ड्रम उतरवून आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवणारा गॅरेजमधला पोऱ्या कुठल्या हजेरीपटावर असतो? शिरवळच्या मिस्त्रींनी ड्रम ओल्या फडक्याने पुसला. मी कारण विचारल्यावर म्हणाले, "आमचे वस्ताद खोकून खोकून गेले." त्यांना कशाने खोकला झाला होता ते कुणी तपासलं नव्हतं.

पुढच्या बातमीला विचारायचे प्रश्न

आर्मानंतर तीन महिन्यांत कायदा झाला. मेलेल्यांत मुलं होती, लोक चिडले होते, हे खरंच. पण चौकशीने 'ब्रेक गेला' हे उत्तर मानलं नाही, हे जास्त महत्त्वाचं. गेला तर तो सुटण्याऐवजी लागला का नाही, असं तिने विचारलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर चाकाशी न सापडता कंपनीच्या जमाखर्चात सापडलं.

आपल्याकडच्या तपासाची गाडी बहुतेक वेळा चालकापाशी थांबते. त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, तो कधी पळालेला असतो, कधी मेलेला. चूक त्याची असूही शकते. पण मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी चार प्रश्न विचारले होते. तसे आपणही विचारू शकतो. ब्रेक गार असताना गेला की तापल्यावर? गाडी कुठल्या गिअरमध्ये होती? माल परवानगीइतकाच होता का? दांड्यांची मापं कुणी घेतली का? शेवटचे लायनर कधी बदलले, आणि 'एकाच बाजूचे बदल' असं कुणी सांगितलं होतं का? चालकाला पैसे दिवसाचे मिळतात की खेपेचे? आणि उतार सुरू होण्याआधी, बोगद्याच्या तोंडाशी, प्रत्येक अवजड गाडीला थांबून दाखवायला लावणारी एखादी जागा आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बोर घाटात रुळांवर कधीचंच लिहून ठेवलेलं आहे.